गोष्ट वर्गात नेण्याआधी: किनाऱ्यावरच्या नव्या शिक्षकांसाठी आणि लिहू पाहणाऱ्यांसाठी

दर जूनमध्ये कुणीतरी नवी शिक्षिका फोन करते. "ताई, मुलांना गोष्टी वाचून दाखवायच्यात, काही लिहायच्याही आहेत. कुठून सुरुवात करू?" दिवाळीच्या सुट्टीनंतर तिचाच दुसरा फोन येतो, आवाज पडलेला. "पालक आले होते." या दोन्ही फोनना मी इतक्या वेळा उत्तरं दिली आहेत की आता एकदाचं लिहूनच ठेवते.

मी सिंधुदुर्गात किनाऱ्याकाठच्या झेडपी शाळांवर शिकवते, बहुतेक द्विशिक्षकी. जमेल तसं मुलांसाठी लिहिते. खालच्या पायऱ्या मी स्वतः उलट्या क्रमाने चढले. आधी लिहिलं, मग वर्गात वाचलं, मग बोलणी खाल्ली, आणि मुलं काय बोलतात ते सगळ्यात शेवटी ऐकलं. तुम्ही सरळ क्रमाने चढा.

सोबत काय लागेल

- एक शंभरपानी वही, फक्त कानावर पडलेल्या शब्दांसाठी.
- शाळेची ग्रंथ नोंदवही. कपाटात नेमकं काय आहे हे पुष्कळदा मुख्याध्यापकांनाही ठाऊक नसतं. एक दुपार काढा, पुस्तकं बाहेर काढून झटका, वाळवी लागलेली वेगळी करा.
- बालभारतीचं 'किशोर' मासिक. १९७१ पासून निघतंय आणि जुने अंक इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मुलांसाठी मराठी कसं लिहिलं जात आलंय हे कळायला यापेक्षा चांगली शाळा नाही.
- प्रथम बुक्सचं 'स्टोरीवीव्हर'. मराठीतल्या चित्रगोष्टी, वाचनाच्या चार पातळ्यांत लावलेल्या. परवाना खुला आहे, त्यामुळे लेखक-चित्रकाराचं नाव राखून छापून घेता येतात.
- नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त पुस्तकं, ज्योत्स्ना प्रकाशनाची चित्रपुस्तकं.
- जवळच्या वाचनालयाचं सभासदत्व. आपल्या किनाऱ्याला ग्रंथालयांची जुनी सवय आहे, रत्नागिरीचं नगर वाचनालय तर १८२८ सालचं.
- पालकसभेची इतिवृत्त वही. ही कशाला, ते पाचव्या पायरीवर कळेल.

१. पहिले दोन महिने फक्त ऐका

मधल्या सुट्टीत नळाजवळ उभ्या राहा. रापण (किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं) ओढली जात असेल तर पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूवर, जा. मुलं जे शब्द आपापसांत वापरतात ते वहीत उतरवा, अर्थ त्यांनाच विचारा. आवस (आई), बापूस (बाप), झील (मुलगा), चेडू (मुलगी) हे तर पहिल्या दिवशी कळतात. वाऱ्याची नावं, माशांची नावं, जाळ्याच्या भागांची नावं कळायला वर्ष जातं, आणि तेवढ्यानेही पुरत नाही.

वर्गात कोण कोण आहे तेही याच काळात समजून घ्या. कुणाचा बापूस खलाशी आहे, कुणाचा मुंबईत, कुणाचा नाहीच. आंब्याच्या बागांत राखणीला आलेल्या नेपाळी कुटुंबांची मुलं आता आपल्या शाळांत असतात. ती तिसरीपर्यंत फर्डी मालवणी बोलू लागतात आणि आपल्या गोष्टींत मात्र कुठेच नसतात. ही माहिती हजेरीपटावर मिळत नाही. मी ती गोळा केली नव्हती. त्याची किंमत पुढे सांगते.

२. लिहायला बसताना

पहिला सापळा म्हणजे चाकरमान्याचं कोकण. लाल माती, हिरवेगार माड, फेसाळता सागर. हे मे महिन्यात आलेल्या मुंबईच्या चुलतभावाला दिसतं. इथल्या पोराला माड दिसतो तो नारळ काढणारा पाडपी चढतो तो. खालून जाताना नारळ डोक्यात पडेल म्हणून ते पळत जातं. तिथून लिहा.

दुसरा सापळा तात्पर्य. गोष्ट संपल्यावर 'म्हणून मुलांनो' लिहिण्याचा हात आवरत नसेल तर लिहा, आणि पाठवताना तो परिच्छेद खोडा. माझ्या पहिल्या आठ-दहा गोष्टींत अर्धा मजकूर उपदेशाचा होता. मी वाचायला घेतलं की मुलं शेवटच्या परिच्छेदाआधी दप्तरं भरू लागत. त्यांना बरोब्बर कळायचं की गोष्ट संपली, आता बाई बोलणार.

तिसरी गोष्ट सापळा नाही, कारागिरी आहे: जोडाक्षरं मोजा. पहिली-दुसरीचं मूल जोडाक्षराला अडखळतं, आणि तीनदा अडखळलं की पुस्तक खाली ठेवतं. 'समुद्र' लिहिलंत की एक अडथळा झाला, 'क्षितिज' लिहिलंत की दुसरा. उलट आपले शब्द बघा: लाट, खाडी, होडी, वाळू, माड, पुळण, जाळं. एकातही जोडाक्षर नाही. (गंमत म्हणजे 'दर्या'त आहे. पण तो शब्द मूल घरून घेऊन आलेलं असतं, त्यामुळे त्याला चालतं.) पहिली-दुसरीसाठी मी दीडशे ते तीनशे शब्दांच्या वर जात नाही. मासिकासाठी सातशे-आठशे.

बोलीचं काय, हे सगळे विचारतात. माझी पद्धत अशी: निवेदन शाळेच्या मराठीत, बोलणं घरच्या बोलीत. पूर्ण मालवणीत लिहिलेली गोष्ट मालवणात रंगते, पण दापोली-मंडणगडच्या मुलाला ती परकी वाटते, त्याची बोली वेगळी. मात्र बोली फक्त विनोदी पात्राच्या तोंडी घालू नका. गोष्टीतला हुशार मुलगा प्रमाण मराठी बोलतो आणि वेंधळा गडी मालवणी, असं असलं की मुलं त्यातून काय शिकायचं ते शिकतातच. शब्दांवरून वाद मोठे होतात हेही लक्षात असू द्या. २०२४ मध्ये पहिलीच्या बालभारतीतल्या एका कवितेत यमकासाठी 'वन्स मोअर'सारखे शब्द आले म्हणून राज्यभर गदारोळ झाला होता. माझं मत विचाराल तर, मुलांच्या तोंडी असलेला शब्द कवितेत यायला हरकत नाही, पण तो केवळ यमकाची फट बुजवायला आला असेल तर सहा वर्षांच्या मुलालाही ते कळतं.

चित्रपुस्तक करायचं असेल तर पानं सोळा, चोवीस किंवा बत्तीस धरा. छपाईचा मोठा कागद आठ-आठ पानांच्या हिशेबाने दुमडला जातो, म्हणून. आणि चित्रात जे दिसणार आहे ते शब्दांत पुन्हा सांगू नका.

लिहून झालं की दुसऱ्याला वाचायला द्या, तेही मोठ्याने. तुम्ही स्वतः वाचलंत तर तुमचा आवाज गोष्टीचे खड्डे भरून काढतो. चौथीतल्या एखाद्या मुलीला दुसरीच्या मुलांपुढे वाचायला बसवा आणि तुम्ही मागे, वही घेऊन. ती जिथे थांबते तिथे वाक्य चुकलंय.

३. पाठवताना

हे थोडक्यात, कारण यात अवघड काही नाही. एका वेळी एकाच मासिकाकडे पाठवा, प्रत स्वतःकडे ठेवा, दिवाळी अंकासाठी पावसाळा सुरू होण्याआधीच पाठवा. पुस्तकाचा करार पुढे आला तर मुदत आणि प्रदेश लिहिलेले आहेत का ते बघा. हक्क देताना मुदत लिहिलेली नसेल तर १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ती पाच वर्षं धरली जाते. स्वतः छापणार असाल तर पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक सरकारी यंत्रणेकडून फुकट मिळतो, त्यासाठी पैसे मागणाऱ्याला देऊ नका. दुसऱ्याचं लेखन घ्यायचं असेल तर लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क चालू असतात हे ध्यानात ठेवा.

४. वर्गात वाचणं

पुस्तक धरायचं कसं हे आपल्याला डी.एड.ला कुणी शिकवत नाही. मी ते कुडाळजवळच्या पिंगुळीत शिकले. तिथले ठाकर कलाकार चित्रकथी सांगतात. सुट्या चित्रांची एक पोथी, एकेक चित्र प्रेक्षकांकडे वळवलेलं, आणि सांगणाऱ्याच्या तोंडी रामायण-महाभारतातली कथा गाण्यातून. या परंपरेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ चा पद्मश्री मिळाला. तिथे बसल्यावर मला माझी चूक दिसली. चित्र मुलांकडे हवं, माझ्याकडे नाही, आणि चित्र बदलल्याबरोबर बोलायला लागायचं नाही. डोळ्यांना वेळ द्यायचा. आता मी वाक्यं आधी पाठ करते किंवा पुस्तकाच्या मागच्या बाजूला चिकटवते.

वाचून झाल्यावर 'या गोष्टीतून काय शिकलात?' असं विचारू नका. 'तुम्हाला काय खोटं वाटलं?' असं विचारा, मग वर्ग उठून बसतो.

भुताच्या गोष्टींबद्दल एक. कोकणात देवचार, मुंजा, खवीस, गिऱ्हा यांना टाळून मुलांशी गप्पा मारताच येत नाहीत. 'असलं काही नसतं' म्हणून दरडावलंत की मुलं गप्प होतात आणि घाबरायची तेवढीच घाबरतात. मी फळ्यावर तक्ता काढते: भूत कुणी पाहिलं? त्याला कुणी सांगितलं? त्या माणसाला कुणी? प्रत्येक साखळी दोन कड्यांनंतर 'काकाच्या मित्राक' दिसलेल्या भुतापाशी जाऊन थांबते. मुलं स्वतःच हसायला लागतात, आणि गोष्टही शाबूत राहते.

५. वादाचं पुस्तक

आता मुख्य भाग. वाद कशावरून होतो? माझ्या अनुभवात चार-पाच गोष्टींवरून: मरण, मारझोड आणि दारू, जात, देवधर्म, शरीर. या सगळ्या गोष्टी मुलं रोज बघतात. वाडीवर दारू पिऊन पडलेला माणूस शाळेच्या वाटेवरच असतो. तरी ते पुस्तकात आलं की मोठी माणसं दचकतात.

आधी माझी चूक. मी एक गोष्ट लिहिली होती. होडीचं मशीन बंद पडतं, वारा उठतो, सकाळी बाकीच्या होड्या येतात, एक येत नाही. मला ती फार आवडत होती. नव्या शाळेवर जाऊन मला महिनाच झाला होता आणि मी ती तिसरी-चौथीपुढे वाचली. मध्येच एक मुलगा उठला आणि बाहेर नळाजवळ जाऊन बसला. मला वाटलं तहान लागली असेल. त्याचा बापूस दोन वर्षांपूर्वी समुद्रावरून परत आला नव्हता. वर्गात हे सगळ्यांना माहीत होतं, फक्त मला नव्हतं.

संध्याकाळी त्याची आजी आली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "बाईनू, गोष्ट वायट नाय. पण आधी माका सांगूक व्हया होतां."

त्यानंतर आलेली प्रत्येक तक्रार मी या वाक्याशी ताडून पाहिली आहे. बहुतेक वेळा पालकांचं भांडण पुस्तकाशी नसतंच. मूल घरी येऊन काहीतरी विचारतं आणि आपल्याला काहीच माहीत नसतं, याचा तो राग असतो. म्हणून हा क्रम पाळा:

पुस्तक स्वतः पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. चित्रंसुद्धा. ऐकीव माहितीवर किंवा मुखपृष्ठ पाहून वर्गात नेऊ नका.

वर्गात कुणाला ते थेट लागेल याची मनात यादी करा. त्या घरी आधी जाऊन या. चहा घ्या, पुस्तक दाखवा. ते नको म्हणाले तर या वर्षी नको.

मुख्याध्यापकांना पुस्तक हातात द्या, तोंडी वर्णन करू नका. पालकसभेत दोन पानं वाचून दाखवा आणि इतिवृत्तात नोंद घ्या: पुस्तकाचं नाव, इयत्ता, कशासाठी. शाळा व्यवस्थापन समितीलाही सांगून ठेवा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे तिच्यात किमान तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. देखरेख आणि विकास आराखडा ही तिची कामं. पुस्तकं निवडणं हे तिचं काम म्हणून कायद्यात लिहिलेलं नाही, पण अडचणीच्या दिवशी तुमच्या बाजूने बोलणारं माणूस तिथेच भेटतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: वाचताना गुपचूप गाळू नका. पान उलटताना तुम्ही अडखळता ते मुलांना दिसतं. सुट्टीत ती तेच पान आधी उघडतात. एखादा भाग नको असेल तर 'हे पान मी आज वाचत नाही, कारण...' असं सरळ सांगा.

आता उदाहरण, आपल्याच किनाऱ्यावरचं. दापोली तालुक्यातल्या पालगडला जन्मलेल्या साने गुरुजींचं 'श्यामची आई' १९३५ साली छापून आलं. ते वादाचं पुस्तक आहे असं कुणी म्हटलं तर लोक अंगावर येतील. पण नीट वाचा. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला आई मार देऊन विहिरीवर धाडते. एका गोष्टीत मोळी उचलता न येणाऱ्या दलित म्हातारीला मदत करायला ती श्यामला पाठवते, आणि घरी येऊन अंघोळही करायला सांगते. त्या काळात त्या आईने उचललेलं पाऊल मोठं होतं. आजच्या चौथीतल्या मुलीने मला विचारलं, "मग अंघोळ कशाला, बाई?"

या प्रश्नावर पाठ संपवायची घाई करू नका. मी दोन दिवस दिले. पहिल्या दिवशी आईने कोणता नियम मोडला आणि कोणता पाळला, हे मुलांनी शोधलं. दुसऱ्या दिवशी म्हातारीच्या बाजूने गोष्ट सांगितली, कारण मूळ गोष्ट श्यामच्या तोंडची आहे. मोळी डोक्यावर घेऊन निघालेल्या तिला काय वाटलं असेल? एकाने लिहिलं, तिला घाई होती, पाऊस येत होता. मला ते फार आवडलं. माराच्या गोष्टीत मुलांना सांगा की आज शाळेत मारणं कायद्याने बंद आहे, शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७. मग घरचं काय, असा प्रश्न येईलच. त्याचं उत्तर तयार ठेवा. माझं अजून धड तयार नाही.

जातीचा उल्लेख आला की एक पथ्य कडक पाळा: वर्गातल्या कुठल्याही मुलाकडे बघू नका, 'तुमच्यात कसं असतं' असं विचारू नका. पुस्तकात जुना, अपमान करणारा शब्द असेल तर तो का वाईट ते एकदा सांगा आणि पुढे तो शब्द सोडून वाचा, सोडतोय हे सांगून. शब्द पुस्तकातूनच बदलून टाकावेत का? २०२३ मध्ये रोआल्ड डाल यांच्या इंग्रजी प्रकाशकाने त्यांच्या बालपुस्तकांतले 'जाडा' यासारखे शब्द बदलले. त्यावर एवढी ओरड झाली की जुन्या आवृत्त्याही चालू ठेवू असं त्यांना जाहीर करावं लागलं. मी बदलण्याच्या बाजूची नाही. पण 'लठ्ठ', 'तोतरा', 'काळी' अशा शब्दांवर हशा पिकवणारी नवी गोष्ट आज लिहायलाही मी तयार नाही. जुन्या पुस्तकाला माफी आहे, माझ्या लेखणीला नाही.

शरीराबद्दलची, नकोशा स्पर्शाबद्दलची पुस्तकं वाचणार असाल तर वेगळी तयारी लागते. अशा वाचनानंतर एखादं मूल तुम्हाला एकटं गाठून काही सांगू शकतं. ऐकून घ्या, 'तू सांगितलंस ते बरं केलंस' म्हणा, पुन्हा पुन्हा विचारू नका, घरच्यांना परस्पर बोलावून मिटवू नका. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती पोलिसांना देणं बंधनकारक आहे, शिक्षकालाही. मुलांच्या मदतीसाठीच्या चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा क्रमांक वर्गात लावलेला असू द्या. हे करायची तयारी नसेल तर ते पुस्तक अजून उघडू नका.

६. तक्रार आलीच तर

उभ्या उभ्या उत्तर देऊ नका. पालकांना बसवा, पुस्तक त्यांच्या हाती द्या आणि खटकलेलं पान दाखवायला सांगा. निम्म्या तक्रारी इथेच विरघळतात, कारण खटकलेलं वाक्य पुस्तकात नसतंच. ते मुलाने घरी सांगताना घातलेलं असतं. (माझ्या मते ही त्या मुलाची पहिली साहित्यकृती.)

वाक्य खरोखर असेल तर तक्रार लेखी घ्या, मुख्याध्यापकांकडे द्या, समितीच्या पुढच्या बैठकीत ठेवा. एका घराला नको असेल तर त्या मुलासाठी त्या तासाला दुसरं पुस्तक द्या, मात्र त्याला बाहेर बसवू नका. एका घराच्या नकारासाठी सगळ्या वर्गाचं पुस्तक काढू नका. व्हॉट्सॲपच्या पालक गटावर खुलासा लिहिण्याचा मोह टाळा. माझ्या ओळखीतल्या एका शिक्षकाने रात्री अकराला लिहिला, सकाळपर्यंत तो शेजारच्या तालुक्यात पोहोचला होता.

माझ्या होडीच्या गोष्टीचं पुढे काय झालं, तर ती मी त्या वर्षी बाजूला ठेवली. पुढच्या वर्षी आजीकडे गेले, तिला वाचून दाखवली. ती म्हणाली, वाच. मुलगाही ऐकत होता. मरणाबद्दल तो काही बोलला नाही. म्हणाला, "मशीन बंद पडला की आधी नांगर टाकतत, बाई. तुमच्या गोष्टीत कोणी टाकूकच नाय." मी ते वाक्य घातलं. गोष्ट आता तशीच छापलेली आहे.

कपाटाला कुलूप लावावं लागत असेल तर चावी एखाद्या मुलीकडे द्या. आमच्याकडे ती चौथीतल्या एकीच्या गळ्यात असते. शनिवारी दप्तर नसतं, तेव्हा ती साडेसातला येऊन कपाट उघडते. दुसरी चावी माझ्याकडे आहे, ती तिला ठाऊक नाही.